पहाटेचे मानकरी : संगणक सुरू होताना आत कोण येते याचा इतिहास

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर आपले नेहमीचे चित्र येईपर्यंत जे अर्धे-एक मिनिट जाते, ते आपण चहाचा कप आणायला वापरतो. त्या वेळात यंत्रात बरीच ये-जा चालू असते. प्रिंटरला जागे करणारा प्रोग्रॅम, आवाजाचा, घड्याळ जुळवणारा, व्हायरस शोधणारा, मराठी कळफलकाचा, आणि कुठल्या तरी कंपनीची नवी आवृत्ती आली का हे विचारून येणारा, असे वीस-पंचवीस जण मालकाने हाक न मारताच कामाला लागतात. देवळात काकड आरतीला कोणी कोणत्या क्रमाने उभे राहायचे हे जसे ठरलेले असते, तसा यांचाही क्रम ठरलेला असतो. आणि मानकऱ्यांच्या त्या रांगेत एखादा उपरा येऊन उभा राहिला, तर पहाटेच्या अंधारात त्याचा चेहरा दिसत नाही.

हा लेख त्या रांगेचा इतिहास आहे. मानकरी कोण आणि उपरा कोण हे ओळखायचे कसे, या प्रश्नाला गेल्या चाळीस वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. प्रत्येक उत्तर काही काळ पुरले. ते का पुरेनासे झाले हे पाहणे मला उत्तरांपेक्षा मोलाचे वाटते. संगणकाच्या इतिहासाची पुस्तके सहसा यंत्रे आणि ती घडवणारी माणसे यांच्याभोवती फिरतात. प्रस्तुत इतिहास दुरुस्तीच्या टेबलावर घडलेला आहे आणि त्यातले बरेचसे अभ्यासक माझ्यासारखे कोणत्याही विद्यापीठात हा विषय न शिकलेले आहेत.

मुळात संगणक सुरू होणे ही एक तर्कदृष्ट्या अडचणीची गोष्ट आहे. कोणताही प्रोग्रॅम स्मृतीत आणून ठेवायला दुसरा प्रोग्रॅम लागतो. मग पहिल्याला कोण आणणार? स्वतःच्या बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलणे, अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्यावरूनच ‘बूट होणे’ हा शब्द आला. १९७५ साली आलेल्या ‘अल्टेअर ८८००’ या यंत्रावर हे उचलण्याचे काम माणूस करत असे. पुढच्या पट्टीवरच्या खटक्यांची उघडझाप करून सुरुवातीच्या सूचना एकेक करून आत भरायच्या, मग यंत्र पुढचे स्वतः वाचू लागे. अशा यंत्रात उपरा शिरण्याचा प्रश्नच नव्हता. पहिला प्रोग्रॅम मालकाच्या बोटांतूनच जात होता.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा ‘पीसी’ आला, तेव्हा हे काम एका चिपमध्ये बंदिस्त झाले होते. वीज आली की ही चिप जुजबी तपासणी करते, फ्लॉपीचा पहिला कप्पा वाचते, त्यात जे असेल ते स्मृतीत ठेवते आणि सूत्रे त्याच्या हाती देऊन मोकळी होते. हा पहिला कप्पा ५१२ बाइटचा. आजच्या पद्धतीने देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे त्यात जेमतेम १७० चिन्हे मावतील; या परिच्छेदाचे पहिले वाक्य आणि दुसऱ्याचा थोडा भाग. पुढे हार्ड डिस्क आली तेव्हा याच ५१२ पैकी ६४ बाइट डिस्कच्या वाटण्या नोंदवायला आणि २ खुणेसाठी गेले. सूचनांसाठी ४४६ उरले. एवढ्याशा जागेत जो बसेल, त्याच्या हाती अख्खे यंत्र. तो कोण, कुठून आला, हे चिप विचारत नव्हती. विचारायचे असते हे कोणाच्या डोक्यातही नव्हते.

या मोकळ्या दारातून आत शिरणारा पहिला एक शाळकरी मुलगा होता. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या रिच स्क्रेन्टाने ‘अ‍ॅपल टू’ संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला. फ्लॉपीवरून यंत्र सुरू होताना तो स्मृतीत जाऊन बसे, पुढे घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर आपली प्रत करी आणि दर पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक कविता दाखवी. मित्रांची खोडी काढणे एवढाच हेतू होता.

जानेवारी १९८६ चे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. लाहोरमध्ये संगणकाचे दुकान चालवणारे बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ. त्यांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. आपण विकत असलेल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती कोण काढतो हे कळावे, म्हणून तो लिहिल्याचे दोघांनी नंतर सांगितले. तो फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात स्वतः बसे, तिथला मूळ मजकूर दुसरीकडे हलवी आणि ती दुसरी जागा ‘खराब’ म्हणून नोंदवून टाकी, म्हणजे तिकडे कोणी फिरकू नये. त्यात भावांची नावे, दुकानाचा पत्ता, फोन नंबर आणि लस टोचून घेण्यासाठी आमच्याशी संपर्क साधा अशा अर्थाची सूचना होती. बहुरूपी सोंग संपल्यावर आपले नाव-गाव सांगून बिदागी मागतो, त्यातलाच प्रकार. २०११ मध्ये फिनलंडचे संशोधक मिक्को हिप्पोनेन त्या पत्त्यावर लाहोरला गेले, तर पंचवीस वर्षांनंतरही दोघे भाऊ तिथेच व्यवसाय करत होते.

‘ब्रेन’ची आठवण गंमत म्हणून सांगितली जाते, पण माझ्या मते त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ‘ब्रेन’ स्मृतीत असताना एखाद्या जाणकाराने फ्लॉपीचा पहिला कप्पा उघडून पाहिला, तर ‘ब्रेन’ ती मागणी मध्येच अडवी आणि दुसरीकडे हलवलेला मूळ, निर्मळ कप्पा दाखवी. जो आधी आत येतो, तो नंतर येणाऱ्याला काय दिसावे हे ठरवतो. पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या एका युक्तीत आहे. तपास करायचा तर यंत्र दुसऱ्या, खात्रीच्या फ्लॉपीवरून सुरू करूनच करायचा, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा दंडक यातूनच पडला. लिहिण्यापासून बंद केलेली एक स्वच्छ फ्लॉपी खिशात ठेवूनच हे लोक घराबाहेर पडत.

फ्लॉपीतून येणारे हे उपरे पसरले ते मात्र विसराळूपणामुळे. संध्याकाळी यंत्र बंद करताना फ्लॉपी आतच राहायची. सकाळी यंत्र तिच्यावरून सुरू होऊ पाहायचे आणि ‘ही सिस्टिम डिस्क नाही’ असा संदेश यायचा. मालक फ्लॉपी काढून कोणतेही एक बटण दाबायचा आणि काम सुरू करायचा. तो संदेश दाखवणाराही त्या ५१२ बाइटमधलाच प्रोग्रॅम असतो हे थोड्यांना ठाऊक होते. संदेश दिसला, म्हणजे आत जायचे होते ते जाऊन बसले. १९८७ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये निघालेला ‘स्टोन्ड’ असाच जगभर गेला. त्याचाच एक वंशज १९९१ मध्ये सापडला. तो दर ६ मार्चला हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकी. त्यात कोणाचेही नाव नव्हते. ६ मार्च ही मायकेलअँजेलोची जन्मतारीख हे अभ्यासकांच्या लक्षात आले आणि बारसे झाले. जानेवारी १९९२ मध्ये ‘लीडिंग एज’ या अमेरिकन कंपनीने पाचशे नवी यंत्रे हा व्हायरस आत असतानाच विकल्याचे मान्य केले. वर्तमानपत्रांनी मग धुरळा उडवला. जॉन मॅकॅफी यांनी पन्नास लाखांपर्यंत यंत्रे बाधित होऊ शकतील असे म्हटले. ६ मार्च उजाडला तेव्हा फटका बसलेली यंत्रे दहा-वीस हजारांच्या घरात निघाली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध इथे येतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचे दुकान चालवत होते आणि धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत ‘मायकेलअँजेलो’सारखे व्हायरस सापडू लागले, तेव्हा संजय यांनी ते काढण्यासाठी छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यांतून ‘क्विक हील’ उभे राहिले. कंपनीचे तेव्हाचे नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस. एक भाऊ दुरुस्ती करणारा आणि एक प्रोग्रॅम लिहिणारा, ही जोडी लाहोरच्या जोडीशेजारी ठेवून पाहावी असे मला नेहमी वाटते. दुकाने सारखीच, वयेही फार वेगळी नसावीत.

पहिल्या कप्प्यापुढची पायरी म्हणजे डॉस प्रणालीतल्या दोन फायली : ‘कॉन्फिग.सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’. सुरुवातीला काय काय चालवायचे याची यादी यांत ओळीओळीने साध्या अक्षरांत लिहिलेली असे. चावडीवर लावलेल्या यादीसारखा हा प्रकार होता. कोणीही वाचावी, नको ती ओळ खोडावी. मला वाटते, सामान्य वापरणाऱ्याला आपल्या यंत्रात पहाटे कोण येते हे पूर्णपणे सांगता येण्याचा हा एकमेव काळ. तेव्हाच्या संगणकवर्गांत या दोन फायली शिकवल्या जात.

२४ ऑगस्ट १९९५ ला ‘विंडोज ९५’ आले आणि यादी चावडीवरून उठून दप्तरखान्यात गेली. ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका अवाढव्य नोंदवहीत आता हजारो नोंदी होत्या. त्यांत ‘रन’, ‘रनवन्स’, ‘रनसर्व्हिसेस’ असे कप्पे, प्रत्येक कप्पा यंत्रासाठी निराळा आणि वापरणाऱ्यासाठी निराळा. शिवाय ‘स्टार्टअप’ नावाचे फोल्डर होते, आणि जुन्या फायलीही सोयीसाठी ठेवलेल्या होत्या. यात कट नव्हता. प्रणाली मोठी झाली, तिला वाढत्या नोंदी ठेवायला जागा हवी होती. पण परिणाम असा झाला, की यादी कुठे आहे हेच मालकाला माहीत राहिले नाही. ‘विंडोज ९८’ मध्ये ‘एमएसकॉन्फिग’ हे साधन आले तेव्हा निदान मुख्य नोंदी एका पडद्यावर खुणेच्या चौकटींसह दिसू लागल्या. मात्र त्या नोंदींत दिसे ते फक्त नाव आणि ठिकाण. तेव्हा ओळख पटवायची ती नावावरून.

४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ने या पद्धतीची परीक्षा घेतली. प्रेमपत्राच्या मिषाने ई-मेलमधून येणारा हा प्रोग्रॅम एकदा उघडला, की दर सुरुवातीला चालण्यासाठी नोंदवहीत दोन नोंदी करी. एकीचे नाव ‘एमएसकर्नल३२’, दुसरीचे ‘विन३२डीएलएल’. मायक्रोसॉफ्टच्या घरातलीच वाटावीत अशी ही नावे होती. ती पाहून कोणीही हात मागे घ्यावा. ११ ऑगस्ट २००३ च्या ‘ब्लास्टर’ने आणखी धिटाईने आपल्या नोंदीला ‘विंडोज ऑटो अपडेट’ असे नाव दिले. जी नोंद काढू नये असे प्रत्येक जाणकार सांगत होता, तेच नाव.

पण नावांच्या फसवाफसवीचे मुख्य पात्र ‘एसव्हीसीहोस्ट’ हेच. ‘विंडोज २०००’ पासून आलेला हा अस्सल मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम. पडद्याआडच्या सेवा चालवणे हे त्याचे काम, आणि एकाच वेळी त्याच्या पाच-दहा प्रती चालू असणे नेहमीचे. एकाच नावाचे दहा जण घरात वावरत असले तर अकराव्याकडे कोण पाहणार? काहींनी नावातली दोन अक्षरे उलटी करून ‘एससीव्हीहोस्ट’ केले. घाईत वाचणाऱ्याला फरक कळत नाही. काहींनी नाव तेच ठेवून जागा बदलली. त्यावरून दुसरा नियम आला : नाव पाहू नका, जागा पाहा. अस्सल ‘एसव्हीसीहोस्ट’ विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्येच असतो. दुसरीकडे दिसला तर तोतया.

या नियमाचे आयुष्य फार नव्हते. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कॉन्फिकर’ आला. त्याने स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चालण्याचे टाळले. नोंदवहीत एक सेवा म्हणून नाव नोंदवले आणि अस्सल ‘एसव्हीसीहोस्ट’लाच स्वतःला चालवायला लावले. नाव खरे, जागा खरी, पालखी खरी, भोई खरे. तोतया फक्त आत बसलेला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणाऱ्याने १७७६ साली कोकणात बंड केले, किल्ले आणि माणसे त्याच्याकडे वळली, त्याचे कारण तरी काय होते? त्याच्याभोवती खऱ्या दरबारातली खरी माणसे उभी होती. पाहणारा चेहऱ्याआधी लवाजमा पाहतो.

याच्या उलट बाजूची चूकही तितकीच नोंदवण्याजोगी आहे. २००१ मध्ये ‘सल्फएनबीके’ नावाची फाइल व्हायरस आहे, ती ताबडतोब पुसा, असे ई-मेल जगभर फिरले. ती ‘विंडोज ९८’ मधली लांब नावे सांभाळणारी निरुपद्रवी फाइल होती. पुढच्या वर्षी ‘जेडीबीजीएमजीआर’ची पाळी आली, तिचे चित्र टेडी अस्वलाचे असल्याने ती लोकांना लगेच सापडे आणि संशयास्पदही वाटे. असंख्य लोकांनी आपल्या हातांनी आपल्या यंत्रातली अस्सल फाइल काढली आणि ओळखीच्या सगळ्यांना तसे करायला सांगितले. हा व्हायरस होता तो माणसांमधला. आणि जाणकार यंत्रेही चुकतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या नव्या यादीने ‘विंडोज एक्सपी’तल्या अस्सल ‘एसव्हीसीहोस्ट’लाच व्हायरस ठरवले आणि कार्यालयांमधली यंत्रे पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली. इतकी वर्षे ज्याची नक्कल होत होती, तो खरा पुढे आला आणि पकडला गेला.

या गोंधळात ज्यांनी खरे काम केले ते बहुतांशी पगारी नव्हते. सुरुवातीला चालणाऱ्या एकेका प्रोग्रॅमचे नाव, फाइल आणि काम नोंदवून हौशी लोकांनी हजारो नोंदींच्या याद्या तयार केल्या. अशाच एका यादीतली खुणांची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक नोंदीपुढे एक खूण : चालू राहू द्या, गरज नाही, तुमच्यावर अवलंबून, निश्चित घातक, आणि शेवटची, प्रश्नचिन्ह. ‘तुमच्यावर अवलंबून’ हा वर्ग व्हायरस शोधणाऱ्या कोणत्याच कंपनीकडे नव्हता. त्यांना हो किंवा नाही हवे असते. याच सुमारास नेदरलंड्समधल्या मेरिन बेलेकोम या विद्यार्थ्याने ‘हायजॅकधिस’ हे साधन लिहिले. ते सगळ्या नोंदी काढून पुढ्यात ठेवी आणि निवाडा अजिबात करत नसे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांचे ‘ऑटोरन्स’ त्याहून खोल जाई. यंत्रात आपोआप सुरू होण्याच्या किती जागा आहेत हे त्या साधनाचे पडदे पाहिल्यावर पहिल्यांदा नीट कळले. चावडीवरची यादी अशी काही अंशी परत आली. पण ती वाचायला आता अभ्यास लागत होता.

‘तुमच्यावर अवलंबून’ या वर्गाचे महत्त्व मराठी छापखान्यांना वेगळे सांगायला नको. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचे ‘आयएसएम’, किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपि’, यांच्यावर अनेक वर्षे मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक जुळले. इंग्रजी कळफलकावर मराठी उमटवायचे तर दाबलेली प्रत्येक कळ तिच्या ठरलेल्या वाटेवर मध्येच पकडावी लागते आणि तिच्याऐवजी दुसरे चिन्ह पुढे पाठवावे लागते. आता पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमचे काम पाहा : तोही मागे बसून राहतो आणि प्रत्येक कळ मध्येच पकडतो. दोघांतला फरक पकडलेल्या कळीचे पुढे काय होते एवढाच. एका छपाईच्या दुकानात सफाईच्या उत्साहात कोणी तरी असा कळफलकाचा प्रोग्रॅम ‘अनोळखी’ म्हणून बंद केला होता, आणि ऐन आश्विनात दिवसभर ऑपरेटरच्या बोटांतून निव्वळ अगम्य अक्षरे उमटत होती, हे मी पाहिले आहे. परदेशी याद्यांत या आपल्या प्रोग्रॅमांसमोर फार तर प्रश्नचिन्हच असणार.

म्हणजे वर्तनावरूनही ओळख पटत नाही. मग उरते परवानगी. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमात मालकाच्या किंवा यंत्राचा ताबा असलेल्याच्या परवानगीवाचून त्यात व्हायरस वा ‘संगणक दूषक’ सोडणे हा दोष ठरवला आहे, आणि दूषकाच्या व्याख्येत माहिती बदलणे, पुसणे यांबरोबर ती नोंदवून ठेवणे आणि दुसरीकडे पाठवणे हेही येते. कायद्याने भर परवानगीवर दिला हे मला योग्य वाटते. पण परवानगी म्हणजे काय, हा प्रश्न पाच वर्षांतच उभा राहिला.

२००५ च्या दिवाळीच्याच दिवसांत, ३१ ऑक्टोबरला, रसिनोविच यांनी आपल्या स्वतःच्या संगणकावर सापडलेल्या एका गोष्टीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. काही तरी लपवले जात असल्याची शंका त्यांच्याच एका साधनाने दाखवली. शोध घेता घेता ते पोहोचले ते रीतसर विकत घेतलेल्या, व्हॅन झँट या गायकबंधूंच्या एका गाण्यांच्या सीडीपर्यंत. सीडी सोनी बीएमजीची. तिच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून ‘फर्स्ट फोर इंटरनेट’ या ब्रिटिश कंपनीने केलेला प्रोग्रॅम तिच्यात होता. सीडी घातली की तो यंत्रात शिरे आणि दर वेळी यंत्राबरोबर सुरू होई. डॉलरचे चिन्ह, ‘सिस’, पुन्हा डॉलरचे चिन्ह अशी सुरुवात असलेली कोणतीही फाइल, कोणतीही नोंद तो पाहणाऱ्याच्या नजरेआड करी. त्याच्या एका सेवेचे नाव ‘प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर’. विंडोजचीच वाटावी असे. चोरट्या प्रती रोखण्यासाठी, आणि पाहणाऱ्याला खोटे चित्र दाखवून: लाहोरच्या भावांनी १९८६ मध्ये हेच केले होते, हेतूही हाच सांगितला होता. मालकाने ‘मान्य’वर बोट ठेवले होते हे खरे, पण ज्या करारावर ठेवले त्यात लपवण्याचा उल्लेख नव्हता. थोड्याच दिवसांत इतर घातक प्रोग्रॅमांनीही आपल्या फायलींना तीच सुरुवात देऊन सोनीच्या पडद्याआड दडायला सुरुवात केली. कंपनीने तो काढून टाकण्यासाठी दिलेल्या साधनानेही यंत्राला नवीच भगदाडे पडली. ‘रूटकिट’ म्हणजे काय हेच बहुतेकांना माहीत नसते, मग त्यांनी काळजी का करावी, अशा आशयाचे विधान कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन नभोवाणीवर केले. पुढे खटले झाले, सीड्या परत घेतल्या गेल्या. या प्रकरणात घातक प्रोग्रॅम लिहिणारा अंधारातला कोणी नव्हता, त्याच्या पाकिटावर किंमत छापलेली होती. ‘अधिकृत’ आणि ‘प्रामाणिक’ हे दोन शब्द तोवर समानार्थी वापरले जात होते.

पेन ड्राइव्हचा काळ मी थोडक्यात आवरतो, कारण तो बहुतेकांना आठवत असेल. आत घालताच ‘ऑटोरन’ फाइल वाचून प्रोग्रॅम आपोआप सुरू करण्याची सोय मुळात सीडीसाठी होती. सायबर कॅफेतून डीटीपीच्या दुकानात आणि तिथून संपादकाच्या घरी फिरणाऱ्या पेन ड्राइव्हांनी तिचे काय केले, ते फोल्डरचे चित्र लावलेल्या भलत्याच फायली उघडणाऱ्या सर्वांनी भोगले आहे. फ्लॉपी आतच राहण्याच्या विसराळूपणाची जागा आता सोयीने घेतली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधली ही सोय पेन ड्राइव्हसाठी बंद केली.

तोवर ओळखीची नवी खूण रूढ झाली होती : सही. कंपनीने आपल्या प्रोग्रॅमवर गणिती शिक्कामोर्तब करायचे, आणि एक बाइट जरी बदलला तरी शिक्का जुळू नये, अशी ही व्यवस्था. ‘ऑटोरन्स’मध्ये सह्या तपासण्याची आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी बाजूला काढण्याची सोय आहे, शे-दोनशे नोंदींतून दहा-पंधराच नजरेखाली घालायच्या उरतात. रोजच्या कामाला ही खूण आजही सर्वांत उपयोगी आहे, यात मला शंका नाही. पण जून २०१० मध्ये बेलारूसच्या ‘व्हायरसब्लॉकअडा’ या छोट्या कंपनीला ‘स्टक्सनेट’ सापडला. इराणच्या नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रे बिघडवण्यासाठी तो रचलेला होता. यंत्राच्या अगदी सुरुवातीला चालणाऱ्या त्याच्या भागावर सही होती ती रिअलटेक या तैवानी कंपनीची. तिचे प्रमाणपत्र रद्द झाले, तर पुढच्या भागावर जेमायक्रॉनची सही मिळाली. दोन्ही कंपन्यांची कार्यालये सिंचू शहरातल्या एकाच विज्ञान उद्यानात होती. सह्या खोट्या नव्हत्या. शिक्का अस्सल होता, तो उमटवणारा हात दुसऱ्याचा होता.

मग लढाई खाली सरकली, जिथून ती सुरू झाली होती त्या चिपकडे. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याच्या ‘सीआयएच’ व्हायरसने अनेक यंत्रांतली ही चिपच पुसून दाखवली होती. ती यंत्रे सुरू होण्याच्याही पलीकडे गेली. पण तिथे राहायला जाणारे पहिले बिऱ्हाड अगदी सभ्य होते. लॅपटॉप चोरीला गेला तर त्याचा माग लागावा म्हणून कॅनडाच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट’ कंपनीचा एक छोटा प्रोग्रॅम अनेक उत्पादक चिपमध्येच बसवून देत. चोराने हार्ड डिस्क कोरी केली तरी तो खालून पुन्हा वर येई आणि आपल्या सर्व्हरशी संपर्क साधे. २००९ मध्येच अर्जेंटिनाच्या दोन संशोधकांनी इशारा दिला होता, की या प्रोग्रॅममधला सर्व्हरचा पत्ता बदलला तर काय होईल? २०१८ मध्ये स्लोव्हाकियाच्या ‘एसेट’ने त्याचे उत्तर जाहीर केले. हेरगिरी करणाऱ्या एका टोळीने नेमके तेच केले होते, आणि वर यंत्राच्या चिपमध्ये स्वतःचा प्रोग्रॅमही बसवला होता. मूळ प्रोग्रॅमचे नाव ‘लोजॅक’ होते, म्हणून याला ‘लोजॅक्स’ म्हटले गेले. चोर पकडणाऱ्याची घरात राहण्याची चिकाटी चोराला आयती मिळाली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘विंडोज ८’बरोबर ‘सिक्युअर बूट’ सर्वदूर आले. १९८१ च्या चिपने जो प्रश्न विचारला नव्हता तो आता विचारला जाऊ लागला : पुढे चालवायच्या पहिल्या प्रोग्रॅमवर ओळखीची सही आहे का? नसेल तर यंत्र पुढे जात नाही. ही तटबंदी चांगलीच टिकली. मार्च २०२३ मध्ये ‘एसेट’ने ‘ब्लॅकलोटस’चे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्याने तट फोडला नाही. मायक्रोसॉफ्टचाच एक जुना, सही असलेला, पण सदोष असलेला प्रोग्रॅम तो सोबत आणतो आणि त्याच्या दोषातून आत शिरतो. दोष २०२२ च्या जानेवारीतच दुरुस्त झाला होता, पण जुन्या प्रोग्रॅमवरची सही रद्द केलेली नव्हती. ती सरसकट रद्द केली तर जुनी यंत्रे आणि दुरुस्तीच्या डिस्का सुरूच होणार नाहीत. वतनाची जुनी सनद मागे घेताना जी अडचण येते, तीच इथे आली.

शेवटची नोंद घातक म्हणता येणार नाही अशा प्रोग्रॅमची. १९ जुलै २०२४ रोजी, भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना, ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांना एक छोटी फाइल पाठवली. या कंपनीचा प्रोग्रॅम यंत्र सुरू होताना अगदी आधी येणाऱ्यांत असतो, कारण उपरे ओळखायचे तर त्यांच्या आधी हजर राहावे लागते. नाव खरे, जागा खरी, सही खरी, परवानगीही रीतसर. त्या फाइलमधल्या चुकीने तो स्वतः कोसळला आणि सोबत विंडोजला घेऊन गेला. पुन्हा सुरू केले की पुन्हा तेच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने सव्वा तासात, १० वाजून ५७ मिनिटांनी, चूक मागे घेतली. पण जी यंत्रे सुरूच होत नव्हती त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोहोचणार कशी? प्रत्येक यंत्रापाशी माणूस जाऊन बसला. ‘सेफ मोड’मध्ये यंत्र सुरू करायचे, ठरलेल्या फोल्डरमधली २९१ क्रमांकाची फाइल शोधायची आणि हाताने पुसायची. ज्यांच्या डिस्कला कुलूप होते, तिथे आधी ४८ आकडी किल्ली टाइप करावी लागत होती, आणि अनेक ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवलेली होती तोही बंदच पडलेला होता.